एक सही आणि एक क्रमांक : गर्भपाताच्या संमतिपत्राचा इतिहास

वैद्यकीय गर्भपात कायद्याखाली भरावयाचा एक फॉर्म आहे. त्याला ‘फॉर्म सी’ म्हणतात. जेमतेम अर्ध्या पानाचा मजकूर. स्त्रीने आपले नाव लिहायचे, कोणाची मुलगी वा पत्नी ते लिहायचे, वय लिहायचे, कायमचा पत्ता आणि हल्लीचा पत्ता लिहायचा आणि अमुक ठिकाणी गर्भपात करून घेण्यास माझी संमती आहे, असे सांगून खाली सही करायची. त्यापुढे पालकाने भरावयाचा भाग आहे. पण तो स्त्री अठरा वर्षांखालील किंवा मनोरुग्ण असेल तरच. नवऱ्याच्या सहीची जागा या फॉर्मवर नाही. ओळखपत्राचा क्रमांक लिहिण्याची ओळ नाही आणि फोटो चिकटवण्याची चौकटही नाही.

प्रत्यक्षात काय होते? ‘मिस्टरांना घेऊन या’, ‘आधार कार्डाची झेरॉक्स लागेल’, ‘लग्नाचा दाखला आहे का?’ असे प्रश्न अनेक दवाखान्यांत विचारले जातात. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानेच एका निकालात याची दखल घेतली आणि कायद्यात नसलेल्या अशा अटी डॉक्टरांनी घालू नयेत, असे बजावले. कायदा एक सही मागतो आणि व्यवहार चार कागद मागतो. हे अंतर कसे पडले? त्याचा शोध घेताना आपल्याला थेट एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रापर्यंत जावे लागते. शरीरशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांना हा इतिहास ठाऊक असावा असे आम्हाला वाटते. कारण यातल्या शेवटच्या प्रश्नाचा संबंध शाळेतल्या मुलींशीच येतो.

नाव न विचारणारे घर

१८६० साली तयार झालेली भारतीय दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्या ३१२व्या कलमाने गर्भपात हा गुन्हा ठरला. स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी सद्‌हेतूने केलेला गर्भपात तेवढा त्यातून वगळला होता. स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीसुद्धा गुन्हेगारच. पुढचे, ३१३वे कलम मात्र लक्ष देऊन वाचण्यासारखे आहे. स्त्रीच्या संमतीवाचून गर्भपात केला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शके. म्हणजे गर्भपाताच्या कायद्यात स्त्रीची ‘संमती’ प्रथम अवतरली ती शिक्षेचे मोजमाप करण्यासाठी. ती असली तरी गुन्हा, नसली तर अधिक मोठा गुन्हा.

या कायद्याचा जाच सर्वांत जास्त कोणाला झाला असेल? ज्यांना पुन्हा लग्न करण्याची समाजाची परवानगी नव्हती आणि गरोदर राहिल्यास घरात थारा नव्हता, त्या विधवांना. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल बरोबर न्यावे किंवा येथेच ठेवावे, अशा अर्थाची पत्रके त्यांनी शहरात लावली. पुढे १८७५ साली पंढरपुरातही असे गृह निघाले. या घरांचा गर्भपाताशी संबंध नव्हता. परंतु त्यांनी एक गोष्ट ओळखली होती. नाव उघडे पडण्याची भीती असेल तर बाई सुरक्षित जागी येत नाही. ती आडवाटेला जाते आणि तिथे जीव जातो, कधी बाळाचा, कधी तिचा. गुप्तता ही तिच्यावर केलेली मेहेरबानी नव्हती. जीव वाचवण्याचे ते साधन होते. हा धागा पुढे लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवू.

संमतिवय आणि संमतिपत्र

मराठी माणसाच्या कानावर ‘संमती’ हा शब्द मोठ्या प्रमाणावर पडला तो १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वादात. त्याआधी १८८४ ते १८८८ या काळात मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला होता. बालपणी झालेले लग्न आपल्या संमतीने झालेले नाही, म्हणून नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, असे त्यांनी न्यायालयात सांगितले. तुरुंगात जाण्याचीही तयारी दाखवली. पुढे त्या इंग्लंडात शिकून डॉक्टर झाल्या. १८९१ च्या कायद्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेले. मुंबईच्या बेहरामजी मलबारींनी त्यासाठी चळवळ केली, आगरकरांनी पाठिंबा दिला, टिळकांनी परकीय सरकारच्या हस्तक्षेपाला विरोध केला. हा वाद आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो.

आपल्या विषयाच्या दृष्टीने एवढेच पाहू की, ‘संमतिवय’ आणि ‘संमतिपत्र’ या दोन वेगळ्या कल्पना आहेत. संमतिवय सरकार ठरवते. त्या वयाखालच्या मुलीने हो म्हटले तरी कायदा ते मानत नाही. हेतू तिच्या रक्षणाचा. संमतिपत्रावर मात्र ती स्वतः सही करते; तिने हो म्हटल्याशिवाय तिच्या शरीरावर उपचार करता येत नाही. एक कल्पना तिचे बोलणे बाजूला ठेवते, दुसरी तिच्या बोलण्यावरच उभी आहे. पुढे या दोन्हींची गाठ पडली.

शहा समिती आणि १९७१ चा कायदा

१९६४ साली केंद्र सरकारने गर्भपाताच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. समितीने १९६६ च्या अखेरीस अहवाल दिला. देशात दरवर्षी सुमारे ३९ लाख गर्भपात करवून घेतले जात असावेत, असा तिचा अंदाज होता. कायद्याने बंदी असताना ही संख्या! म्हणजे शंभर वर्षांच्या बंदीने गर्भपात थांबले नव्हते, ते नजरेआड गेले होते. समितीच्या शिफारशींवरून वैद्यकीय गर्भपात कायदा १९७१ साली संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला.

त्याच्या तिसऱ्या कलमात संमतीविषयी दोनच वाक्ये आहेत. अठरा वर्षांखालील मुलीच्या किंवा मनोरुग्ण स्त्रीच्या बाबतीत पालकाची लेखी संमती लागेल. इतर कोणत्याही स्त्रीचा गर्भपात तिच्या स्वतःच्या संमतीशिवाय होणार नाही. बस्स. नवरा, सासू, वडील, कोणाचाही उल्लेख नाही. अमेरिकेत पतीच्या संमतीची अट सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली ती १९७६ साली. जपानमध्ये १९४८ च्या कायद्यात आलेली जोडीदाराच्या संमतीची अट २०२३ साली तिथे गर्भपाताच्या गोळ्यांना परवानगी मिळाली तेव्हाही कायम होती. या बाबतीत आपला कायदा काळाच्या पुढे होता असे म्हणायला हरकत नाही.

गुप्ततेची व्यवस्था तर याहून बारकाईने केलेली आहे. दवाखान्यात एकच नोंदवही अशी, जिच्यात स्त्रीचे नाव असते. ती गुप्त ठेवायची. तिच्यात प्रत्येक स्त्रीला एक अनुक्रमांक मिळतो आणि त्याला वर्ष जोडतात. नियमावलीतच उदाहरण दिले आहे : १९७२ सालची पाचवी स्त्री म्हणजे ५/१९७२. त्यानंतर केसपेपर, शस्त्रक्रियागृहाची वही, फेरतपासणीचे कार्ड यांपैकी कशावरही तिचे नाव लिहायचे नाही. फक्त हा क्रमांक. संमतिपत्र पाकिटात घालून मोहोरबंद करायचे, वर ‘गुप्त’ असे लिहायचे. नोकरी करणाऱ्या स्त्रीला रजेसाठी दाखला देता येतो, पण मालकाने ती माहिती दुसऱ्या कोणाला सांगायची नाही. पुण्यातल्या त्या पत्रकांमधला विचार शंभर वर्षांनी सरकारी नियमावलीत उतरला, असे आम्हाला वाटते.

मग नवऱ्याची सही आली कोठून?

कायद्यात नवरा एका ठिकाणी होता. ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांनी वापरलेले संततिनियमनाचे साधन अयशस्वी ठरले, तर ते गर्भपाताचे एक कारण मानले जाई. ही कारणाची गोष्ट झाली, संमतीची नव्हे. पण वाचणाऱ्याच्या मनात दोन्हींची सरमिसळ होणे सोपे होते.

दुसरे कारण लग्नाच्या वयात सापडते. कायदा आला तेव्हा मुलीच्या लग्नाचे किमान वय पंधरा होते. ते अठरा झाले १९७८ साली. म्हणजे १९७२ साली सोळा वर्षांची विवाहित मुलगी दवाखान्यात आली, तर कायद्याने पालकाची सही हवी. आणि अज्ञान विवाहित हिंदू मुलीचा नैसर्गिक पालक तिचा नवरा, असे १९५६ च्या कायद्यात लिहिलेले. अशा प्रसंगी नवऱ्याने पालक म्हणून सही करणे कायद्याला धरूनच होते. ती सवय पुढे सज्ञान स्त्रियांच्या बाबतीतही चालू राहणे कठीण नव्हते.

तिसरे कारण भीती. नवऱ्याने उद्या खटला भरला तर? असा खटला खरोखरच झाला. पत्नीने आपल्या संमतीशिवाय गर्भपात केला म्हणून एका पतीने पत्नी, तिचे नातेवाईक आणि डॉक्टर यांच्याकडून नुकसानभरपाई मागितली. पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयाने २०११ साली त्याच्याविरुद्ध निकाल दिला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचे अपील फेटाळले. पतीच्या संमतीची गरज नाही, हे यातून पक्के झाले. तरीही जास्तीची एक सही घेऊन ठेवणे दवाखान्याला सोयीचे वाटते. तिची किंमत दवाखान्याला मोजावी लागत नाही; जी बाई नवऱ्याला आणू शकत नाही, तिला मोजावी लागते.

गोळ्यांनी काय बदलले

१९८० साली फ्रान्समधल्या रूसेल-उक्लाफ या कंपनीच्या प्रयोगशाळेत आरयू-४८६ हे संयुग तयार झाले. त्याचे नाव मिफेप्रिस्टोन. गर्भ टिकून राहण्यासाठी गर्भाशयाच्या अस्तराला प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा आधार लागतो. मिफेप्रिस्टोन प्रोजेस्टेरॉनची जागा अडवून बसते. कुलपात दुसरी किल्ली अडकावी तसे. अस्तर सुटू लागते. एकदोन दिवसांनी दिले जाणारे दुसरे औषध, मिसोप्रोस्टॉल, गर्भाशयाचे आकुंचन घडवते. हे दुसरे औषध मुळात पोटातल्या अल्सरसाठी निघाले होते. फ्रान्सने १९८८ साली या पद्धतीला परवानगी दिली. भारतात मिफेप्रिस्टोनला २००२ साली परवानगी मिळाली. २००३ च्या नियमांनी सात आठवड्यांपर्यंत गोळ्या देण्याची मुभा दिली. २००८ साली दोन्ही औषधांच्या एकत्रित पाकिटाला नऊ आठवड्यांपर्यंत मान्यता मिळाली आणि २०२१ च्या नियमांतही नऊ आठवडे हीच मर्यादा आली.

शस्त्रक्रियेसाठी मान्यताप्राप्त दवाखाना लागे, टेबल लागे, भूल लागे. गोळ्यांसाठी यांतले काही लागत नाही. अधिकृत डॉक्टर आपल्या साध्या दवाखान्यातून त्या देऊ शकतात. गरज पडल्यास जिथे रुग्णाला पाठवता येईल अशा मान्यताप्राप्त जागेशी त्यांची व्यवस्था हवी आणि तिचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले हवे. संमतीची अट मात्र बदलली नाही. फॉर्म तोच आणि सही तीच.

डॉक्टर विचारतात त्या प्रश्नांचे आता दोन गट पाडू. शेवटची पाळी कधी आली? गर्भ गर्भाशयातच आहे की बीजवाहिनीत? रक्तक्षय आहे का? कोणती औषधे चालू आहेत? हे प्रश्न अत्यावश्यक आहेत. गर्भ बीजवाहिनीत असेल तर या गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि वेळेवर निदान न झाल्यास जीव धोक्यात येतो. दुसरा गट : नवऱ्याचे नाव काय? लग्न झाले आहे का? आधार क्रमांक काय? यांपैकी एकाही उत्तराने औषधाची मात्रा बदलत नाही.

दुसऱ्या गटाला घाबरलेली बाई पहिल्या गटाच्या प्रश्नांपर्यंत पोहोचतच नाही, ही खरी अडचण आहे. २०१५ सालचा अंदाज घेणारा एक अभ्यास २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात आला. त्यानुसार त्या वर्षी भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यांतले ८१ टक्के गोळ्यांनी. आणि एकूण गर्भपातांपैकी ७३ टक्के गोळ्या घेऊन, पण दवाखान्याबाहेर! याला कारणे अनेक आहेत : अंतर, खर्च, डॉक्टरांची कमतरता. नाव उघडे पडण्याची भीती हेही त्यांतले एक.

ओळखपत्राचा उगम

आधार कार्डाची प्रत मागण्याची पद्धत समजून घ्यायची तर शेजारच्या एका कायद्याकडे पाहावे लागते. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला. केंद्राचा १९९४ साली आला. त्याखाली सोनोग्राफी केंद्राला प्रत्येक गरोदर स्त्रीची तपशीलवार नोंद ठेवावी लागते. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या ९१३ वरून ८९४ वर घसरली. शासन साहजिकच हादरले. सोनोग्राफी केंद्रांबरोबर औषधांच्या दुकानांकडेही लक्ष वळले. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने चिठ्ठीशिवाय गोळ्या विकणाऱ्यांवर कारवाई केली आणि अनेक दुकानदारांनी कटकट नको म्हणून ही औषधे ठेवणेच सोडून दिले.

येथे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने एक साधे गणित मांडून पाहावे. गोळ्यांची मर्यादा नऊ आठवडे. सोनोग्राफीत गर्भाचे लिंग ओळखू येते ते साधारण तिसरा महिना उलटल्यावर. आईच्या रक्तातून होणारी नेहमीची जनुकीय चाचणीही साधारणपणे दहाव्या आठवड्यापासून पुढे करतात. म्हणजे मर्यादेत दिलेल्या गोळ्यांनी लिंगनिवड होण्याची शक्यता फार कमी. मर्यादा ओलांडून गैरवापर होऊ शकतो हे खरे. पण मुदतीत आलेल्या बाईकडून ओळखपत्र घेऊन तो थांबणार नाही. सोनोग्राफीच्या खोलीतला नियम गोळ्यांच्या टेबलापर्यंत सरकला, एवढाच त्याचा अर्थ.

आम्ही नवी मुंबईत राहतो, म्हणून तिथलेच उदाहरण घेऊ. सिडकोची स्थापना मार्च १९७० ची. म्हणजे हे शहर आणि हा कायदा जवळजवळ एका वयाचे. आगरी-कोळी गावांच्या जमिनींवर शहर उभे राहिले. साताऱ्या-सांगलीपासून बिहारपर्यंतची माणसे बाजार समितीत, कारखान्यांत, बांधकामांवर कामाला आली. समजा, तुर्भ्याला राहणाऱ्या एका विवाहितेच्या आधार कार्डावर गावचा पत्ता आहे, कार्ड सासूच्या पेटीत आहे आणि नवरा कामानिमित्त परगावी आहे. फॉर्म सीने तिच्यासाठी सोय केलेली आहे : कायमचा पत्ता आणि हल्लीचा पत्ता, तिने सांगेल तसा. ‘आधार आणा’ या दोन शब्दांनी तिला पेटी उघडायला सासूची परवानगी लागते. कायद्याने जी परवानगी मागितली नव्हती, ती अशी मागच्या दाराने येते. तिच्या दृष्टीने आठ आठवडे आणि दहा आठवडे यांत गोळ्या आणि शस्त्रक्रिया एवढा फरक आहे.

अठरा वर्षांखालील मुलगी

आता आपण सर्वांत अवघड प्रश्नाकडे येतो. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, म्हणजे पोक्सो, नोव्हेंबर २०१२ मध्ये लागू झाला. त्याने संमतिवय अठरा झाले आणि असा अपराध कळल्यास पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक ठरले; डॉक्टरांवर आणि शिक्षकांवरही. हेतूविषयी शंका नाही. अत्याचार झालेल्या मुलीमागे कायदा उभा राहिला पाहिजे.

पण गर्भपात कायदा म्हणतो नाव झाका, आणि पोक्सो म्हणतो कळवा. सतरा वर्षांची मुलगी आईबरोबर आली आणि पोलिसांत नाव जाणार हे कळताच दोघी उठून गेल्या, तर त्या कोठे जातील? संमतिवय आणि संमतिपत्र यांची गाठ पडते ती येथे.

सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात यातून वाट काढली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, बोपण्णा आणि पारडीवाला यांच्या खंडपीठाने सांगितले की, डॉक्टरांनी घटना कळवावी. मात्र मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास तिचे नाव वा ओळख पटेल असा तपशील देण्याची गरज नाही. एवढे स्पष्ट असूनही २०२५ साली मुंबईतल्या एका डॉक्टरांना उच्च न्यायालयात जावे लागले, कारण पोलीस मुलीच्या नावासाठी अडून बसले होते. उच्च न्यायालयाने नाव उघड न करता गर्भपाताला परवानगी दिली आणि पोलिसांच्या आग्रहाबद्दल नाराजी व्यक्त केली.

‘पालक’ या शब्दाची व्याख्याही शिक्षकांनी पाहून ठेवावी. या कायद्यात पालक म्हणजे अज्ञान मुलीची देखभाल जिच्याकडे आहे अशी व्यक्ती. ती आई-वडीलच असावी असे म्हटलेले नाही. आजीकडे किंवा मावशीकडे वाढणाऱ्या मुलींच्या बाबतीत याला महत्त्व आहे. मतिमंदत्व आणि मनोरुग्णता यांतही फरक आहे. २००९ साली चंदीगडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सौम्य मतिमंदत्व असलेल्या सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती डावलता येत नाही.

आज कायदा कोठे आहे

सप्टेंबर २०२१ पासून सुधारित कायदा लागू आहे. ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ या शब्दांच्या जागी ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. गुप्तता आधी नियमावलीत होती, ती ‘५-अ’ या कलमाने आता मूळ कायद्यात आली. स्त्रीचे नाव अधिकृत नसलेल्या व्यक्तीला सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दंडसंहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, पण गर्भपात हा मुळात गुन्हा आणि वैद्यकीय गर्भपात कायदा हा त्याला अपवाद, ही १९७१ ची रचना तशीच आहे. डॉक्टरांच्या मनातली धाकधूक आणि जास्तीचे कागद गोळा करण्याची सवय यांचे मूळ बऱ्याच अंशी या रचनेत आहे. अपवादाचा फायदा घेणारा माणूस नेहमी पुरावा जवळ ठेवू पाहतो.

अकरावी-बारावीच्या वर्गात प्रजननसंस्था शिकवून झाल्यावर फळ्यावर दोन रकाने आखावेत, अशी आमची सूचना आहे. एका रकान्यात डॉक्टरांना उपचारासाठी लागणारी माहिती आणि दुसऱ्यात दवाखाना स्वतःच्या रक्षणासाठी मागतो ती माहिती. प्रत्येक प्रश्न कोणत्या रकान्यात जाईल हे मुलामुलींनाच ठरवू द्यावे. वय हा प्रश्न कोठे लिहायचा यावर वर्गात मतभेद होतील. ते व्हावेत, कायदा करणाऱ्यांनाही ते सोपे गेलेले नाही.